सोलापूरहून दूरदेशी: विमानाचं अंतर आणि प्रवासाचे तास घरबसल्या कसे काढायचे

आत्याचं अमेरिकेचं तिकीट आलं त्या संध्याकाळी तिचा फोन आला. "अरे, पहाटे साडेचारला विमान सुटतं आणि दुपारी दोनच्या आत पोचतंसुद्धा. म्हणजे साडेनऊ तासही नाहीत. मग शेजारच्या काकू दीड दिवस लागतो म्हणून का घाबरवतात?"

तिकिटावर तिने वाचलं ते बरोबरच होतं. हैदराबाद ०४:३०, मधे दुबईला विमान बदलायचं, सॅन फ्रान्सिस्को १३:५०, तारीख तीच. काकूही बरोबर होत्या. या दोन खऱ्यांचा मेळ कसा घालायचा ते मी आत्याला एका कागदावर मांडून दिलं, तोच हिशोब इथे लिहितोय. यासाठी लागतं ते मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर, दहावीतलं थोडं गणित आणि हाताशी असेल तर घरातल्या मुलांचा पृथ्वीगोल.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. अंतर तीन प्रकारचं असतं. एक, दोन विमानतळांमधलं सरळ अंतर. दुसरं, विमान प्रत्यक्षात उडतं ते. हे नेहमी थोडं, कधी कधी बरंच जास्त. आणि तिसरं, आपल्या दारापासून पोराच्या दारापर्यंतचं, जे किलोमीटरपेक्षा तासांतच मोजावं. इंटरनेटवर दोन शहरांची नावं टाकली की झटकन येणारा आकडा बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा असतो, आणि लोक त्यावरून तिसऱ्याचं नियोजन करतात. घोळ तिथे होतो.

आधी विमानतळ कुठला ते ठरवा

शहराचं नाव पुरत नाही. लंडनला सहा विमानतळ आहेत, टोकियोला दोन, न्यूयॉर्कला मोठे तीन. आपल्याकडेही आता हे सुरू झालंय. गोव्यात दाबोळी आणि मोपा. सोलापूरहून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं ते मोपाला उतरतं, त्यामुळे घ्यायला येणाऱ्या मडगावच्या पाहुण्याला दाबोळीला उभं करू नका. मुंबईचंही तसंच. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, डिसेंबरअखेर तिथून विमानं उडू लागली. अंधेरीच्या जुन्या विमानतळाचा कोड बीओएम, उलव्याच्या या नव्याचा एनएमआय. सोलापूरहून एक्स्प्रेसवेने जाणाऱ्याला उलवे आधी लागतं, अंधेरी गाठायला पुढे शहराची गर्दी कापावी लागते. म्हणून तिकिटावर मुंबई वाचून थांबू नका, तीन अक्षरी कोड वाचा.

कोड कळला की त्या विमानतळाचे अक्षांश-रेखांश काढा. मोबाइलच्या नकाशात धावपट्टीवर बोट दाबून धरलं की दोन आकडे दिसतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. दक्षिण किंवा पश्चिम असेल तर आकड्याच्या आधी उणे चिन्ह येतं. मी नेहमी लागणारे वहीत लिहून ठेवलेत: सोलापूर १७.६३ उत्तर, ७५.९३ पूर्व. हैदराबाद १७.२४, ७८.४३. मुंबई अंधेरी १९.०९, ७२.८७. दुबई २५.२५, ५५.३६. लंडन हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. सॅन फ्रान्सिस्को ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम.

सुताचा दोरा

सोलापुरात सुताला तोटा नाही. एक ताणला तरी तुटणार नाही असा दोरा घ्या आणि पृथ्वीगोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत ताणून धरा. भिंतीवरचा नकाशा पाहिला तर वाटतं, विमान अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि मग अटलांटिक असं पश्चिमेला सरळ जाईल. ताणलेला दोरा मात्र मुंबईहून वायव्येच्याही वर चढतो, मध्य आशिया आणि रशियावरून नॉर्वेच्या बाजूला ६५ अंश अक्षांशाजवळ पोचतो आणि मग ग्रीनलंड-कॅनडाच्या अंगाने खाली उतरतो. मुंबई १९ अंशावर, न्यूयॉर्क ४१ वर, आणि वाट ६५ वरून! गोल वस्तूवर सर्वांत जवळचा रस्ता असाच असतो. भिंतीवरचा नकाशा ध्रुवाकडचा भाग ताणून दाखवतो, म्हणून आपल्याला तो वळसा वाटतो. त्याच नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे.

दोऱ्यावरून किलोमीटरही निघतात. गोलाच्या विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळून घेर मोजा. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. गोलाचा घेर १०० सेंटीमीटर भरला तर १ सेंटीमीटर म्हणजे ४०० किलोमीटर. मुंबई-लंडन १८ सेंटीमीटर येतं, म्हणजे ७,२०० किलोमीटर. खऱ्या आकड्याच्या इतकं जवळ की पुढचं गणित नको वाटणाऱ्याने इथेच थांबलं तरी चालेल.

कॅल्क्युलेटरने नेमकं अंतर

ज्यांना आकडा पक्का हवा त्यांच्यासाठी. मोबाइल आडवा केला की बहुतेक कॅल्क्युलेटरांत साइन, कॉसची बटणं येतात. आधी ते डिग्रीवर आहे ना हे बघा, रेडियनवर नको. ही चूक मी स्वतः दोनदा केली आहे आणि एकदा लंडन नागपूरपेक्षा जवळ आलं होतं. खात्री करायची तर साइन ३० दाबा, उत्तर ०.५ आलं तर गाडी रुळावर.

मुंबई ते हीथ्रो करून बघू.

पहिल्यांदा रेखांशांतला फरक. मुंबई ७२.८७ पूर्व, लंडन ०.४५ पश्चिम. एक पूर्व, एक पश्चिम, म्हणून बेरीज: ७३.३२. दोन्ही पूर्वेला असती तर वजाबाकी. बेरीज १८० च्या वर गेली तर ती ३६० मधून वजा करा.

मग दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: साइन १९.०९ म्हणजे ०.३२७१, साइन ५१.४७ म्हणजे ०.७८२३, गुणाकार ०.२५५८.

मग तीन कॉसांचा गुणाकार: कॉस १९.०९ म्हणजे ०.९४५०, कॉस ५१.४७ म्हणजे ०.६२२९ आणि रेखांशांच्या फरकाचा कॉस, म्हणजे कॉस ७३.३२, ०.२८७०. तिघांचा गुणाकार ०.१६९०.

दोन्हींची बेरीज ०.४२४८. आता उलटा कॉस काढा, म्हणजे ज्या कोनाचा कॉस ०.४२४८ आहे तो कोन: ६४.८६ अंश. पृथ्वीवर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, म्हणून ६४.८६ गुणिले १११.२ बरोबर सुमारे ७,२१० किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने हजारी दोन-चार किलोमीटर इकडेतिकडे होतात, ते सोडून द्या.

वैमानिक किलोमीटरऐवजी नॉटिकल मैल वापरतात, त्याचं कारणही या गणितात आहे. एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. त्यांचा नकाशा आणि त्यांचं अंतर एकाच मापात चालतं.

आता आत्याची दुबई-सॅन फ्रान्सिस्को वाट. रेखांशांची बेरीज ५५.३६ अधिक १२२.३८, म्हणजे १७७.७४. ही बेरीज नेमकी १८० असती तर दोन शहरं उत्तर ध्रुवाच्या समोरासमोरच्या बाजूंना आली असती आणि साइन-कॉसची गरजच पडली नसती: दुबईपासून ध्रुव ९० वजा २५.२५ म्हणजे ६४.७५ अंश, ध्रुवापासून सॅन फ्रान्सिस्को ९० वजा ३७.६२ म्हणजे ५२.३८. मिळून ११७.१३ अंश, सुमारे १३,०२० किलोमीटर. पूर्ण गणित केलं तरी हाच आकडा येतो. आत्या म्हणाली, "म्हणजे मी बर्फावरून जाणार?" साधारण तसंच.

हैदराबाद-दुबई २,५४५ किलोमीटर. दोन्ही टप्पे मिळून १५,५६५. हैदराबादहून सॅन फ्रान्सिस्कोचं सरळ अंतर मात्र १३,५४० आहे. दुबईला उतरण्यासाठी दोन हजार किलोमीटरचा वळसा पडला. मधे कुठे उतरायचं ते निवडताना ही बेरीज-वजाबाकी करून बघावी. काही स्वस्त तिकिटांत वळसा चार-पाच हजारांवर जातो आणि ते तास आपल्या गुडघ्यांतून वसूल होतात.

किलोमीटरचे तास करताना

मोठी जेट विमानं उंचावर ताशी सुमारे ९०० किलोमीटरने उडतात. पण धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं यात वेग कमी असतो. माझं सूत्र सोपं आहे: अंतराला ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा.

हा अर्धा तास किती महत्त्वाचा ते जवळच्या अंतरात कळतं. सोलापूर-मुंबई सरळ अंतर ३६० किलोमीटर. नुसतं भागलं तर पंचवीस मिनिटं येतात, पण प्रवास तासाभराचा असतो. अर्धा तास मिळवला की पंचावन्न मिनिटं, म्हणजे वास्तवाच्या जवळ. उलट दुबई-सॅन फ्रान्सिस्कोला १३,०२० भागिले ८५० म्हणजे १५.३ तास, त्यात अर्धा तास आला काय, गेला काय. धरून चला सोळा तास.

मग वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, हिवाळ्यात आणखी जोरदार. म्हणून आपल्याकडून युरोपला जाताना वेळ जास्त आणि येताना कमी लागतो. मुंबई-लंडन सूत्राने नऊ तास येतं. जाताना साडेनऊ-दहा, येताना नऊच्या आसपास असं धरा. हे वारे किती ढकलू शकतात याचं एक टोकाचं उदाहरण: फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यांवर स्वार होऊन एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्याला सहा-सात तास लागतात.

आणि मग राजकारण, जे कुठल्याही सूत्रात बसत नाही. विमानाला दुसऱ्या देशाच्या आकाशातून जायला परवानगी लागते. २०२२ मध्ये रशियाने युरोपीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा हेलसिंकी-टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आकाश बंद केलं आणि दिल्लीहून पश्चिमेला निघणाऱ्यांना खाली अरबी समुद्रावरून फिरून जावं लागलं. अंतर तेच, शहरं तीच, तास वेगळे.

त्यामुळे शेवटी माझा भरवसा एकाच गोष्टीवर: फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर आपल्या विमानाचा क्रमांक टाकून मागच्या आठवड्यात ते रोज किती वेळ हवेत होतं ते बघायचं. सात दिवसांचे सात आकडे मिळतात. आपलं गणित आणि हे आकडे यांत तासाभराहून जास्त फरक असेल तर वाटेचा नकाशा उघडा, वळसा कुठे घेतलाय ते डोळ्यांना दिसतं.

तिकीट काढताना आणखी एक शब्द जपा. डायरेक्ट म्हणजे नॉन-स्टॉप नव्हे. डायरेक्ट विमान मधे एखाद्या ठिकाणी उतरू शकतं, फक्त क्रमांक बदलत नाही.

घड्याळ: सगळं घरच्या वेळेत लिहा

आत्याचा घोळ इथला. तिकिटावर सुटण्याची वेळ त्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचतो त्या गावची. दोन वेगळ्या घड्याळांची वजाबाकी करून काहीही निष्पन्न होत नाही. उपाय एकच, सगळ्या वेळा भारताच्या घड्याळात लिहून काढायच्या.

दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, बारा महिने. सिंगापूर अडीच तास पुढे, तेही बारा महिने. युरोप-अमेरिकेत मात्र उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, त्यामुळे फरक वर्षातून दोनदा बदलतो. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा आणि साडेबारा. अमेरिकेतला बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो, म्हणजे युरोपच्या तारखांशी जुळत नाही. मार्चच्या त्या दोन-तीन आठवड्यांत प्रवास असेल तर आकडा पुन्हा तपासा.

आत्या मे महिन्यात गेली, म्हणून साडेबारा. तिचा कागद असा झाला:

हैदराबादहून सुटणार पहाटे ४:३०. दुबईला पोचणार तिथले ६:५०, घरचे ८:२०. म्हणजे ३ तास ५० मिनिटं. दुबईहून सुटणार तिथले ८:५०, घरचे १०:२०. मधे दोन तास. सॅन फ्रान्सिस्कोला पोचणार तिथले दुपारचे १:५०. त्यात साडेबारा मिळवले की घरचे रात्रीचे २:२०, तारीख पुढची. म्हणजे सोळा तास.

एकूण २१ तास ५० मिनिटं. तिकिटावरच्या "साडेनऊ तासां"ची फोड ही अशी.

होटगी रोडपासून विमानापर्यंत

सोलापूरकराचा खरा प्रश्न हा आहे. मुंबई, पुणे, हैदराबाद, तिन्ही आवाक्यात आणि तिन्ही लांब. पुणे अडीचशे किलोमीटर, पण तिथून परदेशी जाणारी विमानं मोजकी. मुंबईला रेल्वेने ४५५ किलोमीटर. सकाळी सहाच्या सुमाराची वंदे भारत दुपारी साडेबाराच्या आसपास सीएसएमटीला सोडते, आठवड्यातला एक दिवस ती नसते. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचा भरवसा जुना आहे.

माझं मत हैदराबादच्या बाजूने. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद करत साधारण ३१० किलोमीटर, आणि शमशाबादचा विमानतळ शहराच्या बाहेर असल्याने रिंगरोडने परस्पर जाता येतं. ना खंडाळ्याचा घाट, ना मुंबईची कोंडी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी तेलुगू घरांचे नातेवाईक तिकडे आहेतच, सोडणाऱ्या गाडीला मुक्कामाचीही सोय होते. तिकिटात पाच-सात हजारांचा फरक असेल तर मुंबई बघा, नाहीतर नको.

सोलापूर-मुंबई विमानाने जाऊन पुढचं विमान पकडायचा विचार असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर आहेत का ते बघा. वेगवेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान रद्द झालं तर दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही, त्या दुसऱ्याचे पैसेही सहसा परत मिळत नाहीत. अशा वेळी मी आदल्या दिवशीच मुंबई गाठायला सांगतो.

आता आमच्या घरातली गोष्ट. काही वर्षांपूर्वी मामांचं मुंबईहून विमान होतं, मंगळवार, ०१:४०. आम्ही सगळे हुशार. मंगळवारी निघायचं ठरवलं, डबा बांधला, शेंगाची चटणी तीन पिशव्यांत गुंडाळली, दोन चादरी दोरीने आवळल्या. दुपारी मुंबईला उतरून विमानतळाच्या दारात कागद दाखवला तर शिपाई म्हणाला, "साहेब, हे तर काल रात्री गेलं." आम्ही एक चाळीस म्हणजे मंगळवारची रात्र समजलो होतो. काल रात्र म्हणजे सोमवारची रात्र, मध्यरात्रीनंतर मंगळवार. मामा काहीच बोलले नाहीत, तिथेच ट्रॉलीवर बसून डबा उघडला आणि दशम्या वाटल्या. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: विमान रात्री बारा ते सहाच्या मधलं असेल तर कॅलेंडरवर खूण आदल्या दिवसावर करायची.

आता मागे मोजत या. आत्याचं विमान ४:३०. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन-साडेतीन तास आधी, म्हणजे रात्री १ वाजता विमानतळावर. रस्ता सहा तास, जेवण, चहा आणि पंक्चर मिळून अडीच तास जास्तीचे. म्हणजे आदल्या दिवशी दुपारी साडेचारला दारातून गाडी हलली पाहिजे. साडेचार ते साडेचार बारा तास इथेच गेले. त्यात विमानाचे २१ तास ५० मिनिटं. उतरल्यावर इमिग्रेशन, बॅगा आणि भाचीच्या घरापर्यंत गाडी मिळून अडीच तास. बेरीज ३६ तासांवर जाते. त्यातले हवेतले वीस.

काकूंचा दीड दिवस तो हाच.

मधल्या विमानतळावर किती वेळ असावा? एकाच तिकिटावर दोन-अडीच तास तरुणांना पुरतात. वय साठच्या पुढे असेल, व्हीलचेअर मागितली असेल तर तीन बरे. अमेरिकेत उतरून पुढे तिथलंच दुसरं विमान पकडायचं असेल तर चार तासांखाली घेऊ नका, कारण पहिल्याच ठिकाणी इमिग्रेशन होतं आणि बॅगा स्वतः उचलून पुन्हा द्याव्या लागतात. अबू धाबीहून जाणाऱ्यांची ही तपासणी तिथेच आधी उरकते, उतरल्यावर ते थेट बाहेर.

आत्याने कागदाची घडी पर्समध्ये ठेवली आणि मनगटावरचं घड्याळ बदलायचं नाही हे स्वतःच ठरवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे माझा फोन वाजला. "पोचले रे. माझ्या घड्याळात चार वाजायला दहा कमी आहेत आणि बाहेर रखरखीत ऊन पडलंय. तू झोपला होतास का?"